पूर सांगायला निघालेला भोंगा

मी मशिदीच्या मिनारावरचा भोंगा बोलतोय. हद्रमौत नावाच्या वाळवंटी अरबी मुलखात, एका कोरड्या नदीच्या काठावर माझं गाव आहे. मला ओरडता येतं, पण स्वतःचं एक अक्षर बोलता येत नाही. माझा आवाज म्हणजे अजान देणारा म्हातारा सालमीन.

तो माइक हातात घेतला की आधी हमखास खोकायचा. "बाबा, अजानच्या आधी तुमचा खोकलाच गाव उठवतो!" त्याची लेक बखीता चिडवायची.

नमाजाची वेळ नसताना मी बोललो, तर गावाला एकच अर्थ ठाऊक होता: कुणीतरी गेलं. मग माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची आणि नाव कळेपर्यंत हलायची नाहीत. अशी भली माणसं ही!

त्या सकाळी कडक ऊन होतं. बायका उंच गवती टोप्या घालून पल्याडच्या काठाखालच्या शेतांत लसूणघास कापत होत्या. बखीताही त्यांच्यात होती. तेवढ्यात वरच्या गावातून सालमीनला फोन आला. डोंगरात ढगफुटी झाली होती आणि पूर निघाला होता.

तो धापा टाकत माइककडे आला. पण जन्माची सवय! आधी अल्लाची स्तुती, मग पैगंबरांसाठी दुआ. अरे, आधी 'पळा' म्हण ना! मी आतल्या आत तडफडत होतो. मग त्याला लेक आठवली आणि रडूच फुटलं. "बखीता... पोरी..." पुढचं सगळं हुंदक्यांत बुडालं.

शेतातले विळे थांबले. "अगं, तुझा बाबा रडतोय," शेजारीण म्हणाली.

"माझी आई गेली!" बखीता किंचाळली. आई कधीची अंथरुणाला खिळलेली होती. पोर घराकडे धावत सुटली, थेट नदीच्या पात्रातून.

वळणावर गढूळ लोंढा दिसला, तशा बाकीच्या बायका मागच्या दरडीवर चढल्या. बखीता पात्राच्या मधोमध होती. "मागे फिर! पूर आलाय!" सालमीन ओरडला. आता शब्द न् शब्द स्पष्ट होता. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलंही.

संध्याकाळी त्याच माइकवर त्याने लेकीचं नाव सांगितलं. गाव उभं राहून ऐकत होतं. आई घरात अंथरुणावर होती, तिनेही ऐकलं.

आता अजान दुसराच कुणी देतो. सालमीन माझ्याकडे मान वर करून बघत नाही. माझ्या पत्र्याला गंज चढलाय, पण आवाज अजून खणखणीत आहे. डोंगरात पाऊस पुन्हा पडणार आहे. माणसांनो, काकुळतीला येऊन सांगतो, त्या दिवशी आधी 'पळा' म्हणा. देवाचं नाव काठावर पोचल्यावर घ्या. तो रागावणार नाही.