सगळ्या वस्तीला पित्त

सोमवारी सकाळी आरोग्य केंद्राच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून पित्ताच्या गोळ्यांची आठ खोकी उतरली. टेम्पोवाल्याने सही घेतली, मानेवरचा घाम पुसला आणि विचारलं, "ताई, तुमच्या वस्तीतले लोक खातात तरी काय हो?"

ताईंनी खोकी आत ओढली. खोक्यांबरोबर वरच्या कचेरीचं पत्र आलं होतं. ते त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि मग भिंतीला टेकून पुन्हा एकदा वाचलं. पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, आपल्या केंद्रात पित्ताचे रुग्ण इतर केंद्रांच्या चौपट आहेत, सबब औषधं पाठवली आहेत, आणि पाणी तपासायला उद्या अधिकारी येतील. दुसरी, गुरुवारी मनाच्या आजारांसाठी जी खोली उघडते तिथे सरासरी दोनच रुग्ण येतात. दोन माणसांसाठी डॉक्टरांचा अख्खा दिवस देणं परवडत नाही. पुढल्या महिन्यापासून खोली बंद. रुग्णांनी शहरातल्या मोठ्या इस्पितळात जावं.

आता यातली गंमत अशी, आणि रडण्यासारखंही तेच, की या दोन गोष्टी मुळात एकच होत्या. आणि ते जगात फक्त ताईंना ठाऊक होतं.

ताई केंद्रातल्या परिचारिका. इंजेक्शन त्याच देणार, मलमपट्टी त्याच करणार आणि गुरुवारी केसपेपरच्या खिडकीतही त्याच बसणार. लहान मुलं त्यांच्या सुईला घाबरत आणि मोठी माणसं त्यांच्या डोळ्यांना. कारण घरून भांडून आलेला माणूस त्यांना दारातच ओळखू येई. देवावर त्यांची भारी श्रद्धा. पण मागण्याच्या आधी आभार मानायचे अशी सवय, त्यामुळे पुष्कळदा मागायचं राहूनच जाई.

त्यांचे मोठे भाऊ, दादा, तरुणपणी छापखान्यात अक्षरं जुळवायचे. एक दिवस त्यांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले. औषध सुरू झालं, गुणही यायला लागला. पण त्यांचा कागद इस्पितळाच्या खिडकीत उघडा पडला होता, तो कुणीतरी वाचला. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, दुसऱ्या दिवशी पोरं मागे लागली. दादा घरात शिरले ते दोन वर्षं उंबऱ्याबाहेर आले नाहीत. औषधही सुटलं. त्या दोन वर्षांत आईचे केस पांढरे झाले आणि ताईंनी देवासमोर हात जोडून शब्द दिला, की माझ्या हातून कुणाचा कागद असा उघडा पडणार नाही.

पुढे नऊ वर्षांपूर्वी केंद्रात ही गुरुवारची खोली सुरू झाली. खोली कसली, झाडू-बादल्या ठेवायची जागा. त्याच बाहेर काढून दोन खुर्च्या आत टाकल्या. पहिल्या दिवशी पहिला रुग्ण म्हणून दादाच उभे. नाव लिहिलं, वय लिहिलं. मग आला 'आजार' हा रकाना. ताईंचं पेन अडलं. मागे रांगेत चार माणसं माना उंच करून बघत होती. ताईंनी पटकन लिहून टाकलं : पित्त.

तिथून हात बसला. बायको गेल्यावर महिनोन्‌महिने मशीनला हात न लावलेला शिंपी आला : पित्त. बाळंतपणानंतर बाळाकडे बघवेना अशी एक मुलगी आली : पित्त. झोप उडालेला पहारेकरी, सारखे हात धुणारे पोस्टमन, सगळ्यांना पित्त. डॉक्टरांच्या वहीत ज्याचं त्याचं दुखणं बरोबर असायचं आणि ती वही डॉक्टरांच्या पिशवीत जायची. वरच्या कचेरीत मात्र जायचे ते खिडकीतल्या रजिस्टरचे आकडे, आणि त्यात आपल्या आजाराचं खरं नाव स्वतःहून सांगणारे जेमतेम दोघंच असत.

मंगळवारी पाहणीच्या बाई आल्या. हातात सहा रिकाम्या बाटल्या, पायात चालून चालून झिजलेल्या चपला. नमस्कार झाला न झाला तोच त्यांनी नळाखाली पहिली बाटली धरली.

"पाणी चांगलं आहे मॅडम," ताई म्हणाल्या.

"ते प्रयोगशाळा ठरवेल."

दुसरी बाटली भरली. तिसरी भरली. चौथीला ताईंना राहवेना. "मॅडम, राहू द्या त्या बाटल्या. हे पित्त मी केलंय."

बाईंनी नळ बंद केला. "म्हणजे? इथला स्वयंपाक तुम्ही करता?"

ताईंना हसू आलं आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. मग दोघी बाकावर बसल्या आणि ताईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बाई शेवटी म्हणाल्या, "किती?"

"गुरुवारचे वीस-बावीस. सगळे मिळून त्रेसष्ट."

"त्रेसष्ट!" बाईंनी बाटलीचं झाकण हातात फिरवलं. "ताई, अहो तुम्ही त्यांना लोकांपासून लपवायला गेलात आणि आमच्यापासूनही लपवून बसलात. कचेरीला डोळे नसतात हो. आकडा दिसला तर माणूस दिसतो. आणि उद्या यांच्यातलं कुणी दुसरीकडे बेशुद्ध पडलं, तिथल्या डॉक्टरने तुमचा कागद बघितला आणि पित्त समजून उपचार केले, तर?"

हे ताईंच्या डोक्यात नऊ वर्षांत आलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला.

बाईंचा आवाज मऊ झाला. "नावं वर येत नाहीत, फक्त संख्या येते. रजिस्टर खिडकीत नका ठेवू, कपाटात कुलपात ठेवा. पण तुमच्या तोंडच्या आकड्यावर मला काही करता येणार नाही. नोंद दुरुस्त हवी, आणि ती ज्याची त्याला विचारून. शुक्रवारी दुपारी बैठक आहे. कुठल्या केंद्राला पुढल्या वर्षी काय द्यायचं ते तिथेच ठरतं. त्याआधी आकडा माझ्या टेबलावर आला तर मी भांडेन. नाही आला तर कशावर भांडू, सांगा."

जाताना तीन भरलेल्या बाटल्या त्यांनी लख्ख पुसून पिशवीत घातल्या. म्हणाल्या, "भरल्याच आहेत, तर नेते. नाहीतर साहेब विचारतील, दिवसभर काय केलंत."

विचारून! ताई घरी निघाल्या तो हाच शब्द घेऊन. त्रेसष्ट जणांना विचारायचं, आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर पहिल्या ओळीत तर घरचंच नाव.

दादा ओट्यापाशी मटार सोलत बसले होते. ताईंनी पिशवी टेकवली आणि समोर बसून त्याही सोलायला लागल्या.

"दादा, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन. विचार."

ताईंनी सांगितलं. खोकी, पत्र, बाटल्या, सगळं. दादांची बोटं शेंगांवर चालतच होती. मग थांबली.

"मला पित्त?"

"हं."

"नऊ वर्षं?"

"हं."

"अगं चिमणे, मी तिखटाची वाटी पाण्यासारखी रिचवतो! पित्त तुला आहे, ते जन्मापासून!" दादा हसत सुटले. मग दाणे एका बाजूला, सालं एका बाजूला केली. "मी समोरच तर उभा होतो गं खिडकीत. हाताच्या अंतरावर. मला विचारलं का नाहीस?"

"तुला लाज वाटेल म्हणून."

दादांनी पुढची शेंग उचलली. मग म्हणाले, "छापखान्यात आमचे मालक एक गोष्ट फार पाळायचे. हस्ताक्षर लागलं नाही, तर मनाने जुळवायचं नाही. उठायचं, लेखकाच्या घरी जायचं, विचारून यायचं. पाऊस असो, ऊन असो. एकदा मी आळस केला, मनानेच एक शब्द जुळवला, तर मालकांनी जुळवलेलं अख्खं पान सुटं करून पुन्हा जुळवायला लावलं." त्यांनी बहिणीकडे बघितलं. "तू माझं मनाने जुळवलंस, चिमणे."

ताईंची मान खाली.

"पोरं मागे लागली तेव्हा लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण ती जुनी गोष्ट. माझी लाज केव्हाच उतरली. तू मात्र माझ्या वाटणीची अजून वागवतेस." मग घाईघाईने म्हणाले, "आता रडू नकोस. भाजीत मीठ जास्त होईल."

त्या संध्याकाळी ताई देवासमोर बसल्या तेव्हा नेहमीसारखे आभार मानले, आणि आज मागायला विसरल्या नाहीत. त्यांनी खोली मागितली नाही. विचारायला तोंड उघडू दे, एवढंच मागितलं.

गुरुवारी दादा रांगेत पहिले. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. रजिस्टर आज खिडकीत उघडं नव्हतं. ताईंनी ते आतल्या टेबलावर घेतलं होतं आणि एकेकाला आत बोलावत होत्या. दादा खुर्चीत बसले. ताईंनी परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "आजार काय लिहू?"

दादांनी डॉक्टरांनी सांगितलेलं नाव सांगितलं. एकेक अक्षर सुटं, छापायला दिल्यासारखं. आणि टेबलावर वाकून ताईंनी ते बरोबर लिहिलंय की नाही, तेही तपासलं. जुनी खोड.

दुसरे शिंपीकाका. ताईंनी सगळं समजावून सांगितलं, हात जोडून माफी मागितली आणि विचारलं, "काका, दुरुस्त करू का? नको असेल तर नको. माझा राग येणार असेल तर तोही येऊ द्या."

काका डोळे मिचकावत बघत राहिले. "म्हणजे कागदावर पित्त तुम्ही घातलंत?"

"हो काका."

"अहो ताई! सुनेने तो कागद बघितला आणि वर्षभर मला बिनतिखटाचं, बिनतेलाचं जेवू घालतेय! मला वाटलं, बायको गेली म्हणून ही पण राग काढतेय माझ्यावर!"

बाहेरच्या रांगेला हसण्याचा आवाज ऐकू गेला आणि रांगेतल्या माना, मनावर दगड ठेवून आलेल्यांच्या माना, जराशा वर झाल्या.

काकांनी चष्मा काढून पुसला. "लिहा. भीती लिहा. बसच्या पायरीवर पाय ठेवला की छाती बंद होते माझी. आणि त्या मोठ्या इस्पितळाला दोन बस बदलाव्या लागतात. ही खोली गेली तर मी परत त्या मशीनसमोर नुसता बसून राहीन, ताई. ठळक लिहा. आणि खाली हेही लिहा, की माणसाला साधं जेवण चालतं." मग दारातून वळून म्हणाले, "नको, उलट लिहा. तिखट चालतं. सुनेला दाखवायचंय."

सगळे काही असे हसत आले नाहीत. पोस्टमननी दुरुस्तीवर सही केली आणि बाहेर जाऊन नळाखाली हात धुतले, बराच वेळ. पहारेकरी म्हणाला, घरी विचारून सांगतो. शाळेत शिकवणाऱ्या बाई रजिस्टरकडे न बघताच म्हणाल्या, "माझं पित्तच राहू दे, ताई. माझ्या घरात अजून ते दुसरं नाव शिरलेलं नाही."

ताईंच्या ओठांवर दहा गोष्टी आल्या. त्यांनी एकही बोलून दाखवली नाही. फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर खरं नाव लिहून घडी घातली आणि दिली. "राहू दे. ही मात्र पर्समध्ये ठेवा. कुठे बरं वाटेनासं झालं तर डॉक्टरला दाखवायला."

बाईंनी चिठ्ठी घेतली. ताईंचा हातही थोडा वेळ धरून ठेवला.

जे आले नाहीत त्यांच्याकडे ताई संध्याकाळी आणि शुक्रवारी सकाळी स्वतः गेल्या. दोन जिने, चार गल्ल्या, एका ठिकाणी दार उघडलंच नाही. पाय सुजले. दुपारी बारा वाजता आकडा वर गेला : त्रेसष्टपैकी चव्वेचाळीस.

उत्तर यायला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत शिंपीकाका रोज केंद्रावरून फेरी मारायचे. आत येत नसत, नुसता अंगठा वर की खाली, असं खुणेने विचारत. ताई मान हलवत : अजून नाही. सतराव्या दिवशी पत्र आलं. खोली वर्षभर चालू राहील. डॉक्टरांच्या दुसऱ्या दिवसाची मागणी पुढल्या बैठकीत ठेवू. खाली पेनाने एक ओळ होती, पाहणीच्या बाईंच्या हातची : 'भांडले. दुसऱ्या दिवसासाठीही भांडेन, आकडा तयार ठेवा. पाणी उत्तम आहे.' आणि त्याखाली छापील सूचना, की जादा खोकी परत पाठवण्यासाठी तीन प्रतींत अर्ज करावा.

ताई बाहेर आल्या. काका फाटकापाशी उभेच होते. ताईंनी अंगठा वर केला. काका फाटकाच्या दांडीला धरून उभे राहिले, मग खाली वाकून चपलेचा पट्टा सारखा केला, जो सारखाच होता.

त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी एक नवी बाई आली. पदर तोंडावर, आवाज घशातच. इकडेतिकडे बघून कुजबुजली, "ताई, पित्ताचं आहे. कुणीतरी सांगितलं, इथे पित्त म्हटलं की कळतं."

खिडकीबाहेर फुलझाडांना पाणी घालणाऱ्या दादांना तेवढं ऐकू गेलं. ते तिथूनच ओरडले, "पित्तच असेल तर आठ खोकी पडलीत म्हणावं!"

बाईच्या पदराआडून एक छोटंसं हसू आलं. ताईंनी तिला आत नेलं, खुर्ची पुढे केली, पाण्याचा पेला हातात दिला. रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं काही नाही.

"सांगा बाई," त्या म्हणाल्या, "काय लिहू?"

आणि बाई बोलेपर्यंत पेन तसंच धरून बसल्या.