एक बोट जागा

मित्रांनो, मी एक जुनं मनगटी घड्याळ आहे. रोज चावी द्यावी लागते. सेलबिल घालायची भानगड माझ्याकडे नाही. वय विचारू नका, म्हाताऱ्यांना राग येतो.

एका शिंप्याच्या मनगटावर मी आयुष्य काढलं. मनगट कसलं, खुंटाच तो! माप घेताना मालक गिऱ्हाइकाला म्हणायचे, "एक बोट सैल ठेवतो हं. कपड्यात माणसाला श्वास घेता आला पाहिजे." आणि टेपखाली खरोखरच बोट सरकवायचे. तेवढ्यात कुणी "घड्याळ झकास आहे" म्हणालं, की माझी कॉलर ताठ.

पुढे मालक फार आजारी पडले. त्यातच माझा पट्टा तुटला आणि मी ड्रॉवरमध्ये, बटणांच्या संगतीत जाऊन पडलो. दुकान लेकीनं सांभाळलं. मालक बरे झाले खरे, पण खिडकीपासून हलेनात. लेक रोज म्हणायची, "बाबा, दुकानात नुसते येऊन तरी बसा." ते रिकामं मनगट चोळत म्हणायचे, "हातात घड्याळ नाही, कुठं येऊ?"

मग तिनं माझ्यासाठी पट्टा शोधायला घेतला. एक इतका रुंद की बसेचना. दुसरा अरुंद, बाजूनं फट दिसायची. तिसरा चकचकीत काळा, तो लावून मी लग्नात मिरवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसत होतो. शेवटी तिनं मऊ तपकिरी चामडं आणलं, जुना तुटका पट्टा समोर ठेवून दोनदा माप घेतलं आणि स्वतः शिवला. शिंप्याचीच लेक ती. टाके असे की बघत राहावं.

तिनं मला मालकांच्या हातात बांधलं. अगदी आतल्या भोकात बक्कल लावूनही मी सैलच. मालकांनी पटकन दुसऱ्या हातानं मला धरून ठेवलं. "छान झालाय गं," ते म्हणाले. ती पाणी आणायला वळली, तशी त्यांनी धरलेला हात काढून मनगट वर केलं आणि मी घरंगळत थेट कोपरापर्यंत गेलो. त्यांनी मला काढून खिडकीत ठेवलं. "आता आपलं जमायचं नाही बाबा," ते मला हळूच म्हणाले.

लेक दारातून सगळं बघत होती. गळ्यातला टेप काढून त्यांच्यासमोर बसली. अख्ख्या गावाची मापं घेणारी ही पोर, पण बापाचा हात मोजायचं तिला सुचलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे अजून तो खुंटाच होता. टेप मनगटाभोवती फिरला आणि तिचे डोळे भरून आले.

मालक सवयीनं म्हणाले, "एक बोट सैल ठेव."

तिनं टेपखाली बोट सरकवलं, आणि बराच वेळ तिथंच राहू दिलं.

नवा पट्टा दुसऱ्या दिवशी तयार झाला. मालकांनी मला चावी दिली, कानाशी धरलं आणि चपला शोधायला लागले. आता आम्ही दोघं रोज दुकानात असतो. ते काजं करतात आणि लेकीच्या टाक्यांना नावं ठेवतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. चावी देत जा, पाण्यापासून लांब ठेवा. पण त्याआधी घरातल्या थकलेल्या माणसाचा हात अधूनमधून हातात घ्या. त्याचं माप कधी बदललं, ते तुम्हाला टेपशिवाय कळेल.