मंगळवारी भरलेला रविवार

देवाचा दिवस रविवार, हे ज्यानं कुनी ठरवलं त्यानं कुरवंड्याचा रविवार बघितला न्हवता. शनवारपासनं पुन्या-मुंबैच्या गाड्या चढाया लागत्यात, त्या रविवारी अंधार पडंस्तोवर. नागफनीच्या कड्याच्या वाटंला जो तो पत्रा टाकून बसलेला. कुनाची कनसं, कुनाचं सरबत, कुनाची भजी. आठवड्याची कमाई त्याच दिवशी. आन आमची प्रार्थना बी त्याच दिवशी, सकाळी धा वाजता, सावित्राबाईच्या पडवीत.

वाडीत येशूला माननारी आमी मोजकी घरं. मी कोंडाजी, डफ वाजवतो. चांगला वाजवत न्हाई, पन दुसऱ्या कुनाकडं डफ न्हाई.

आदी गनेश गळाला. ह्यो सावित्राबाईचा भाचा. म्हनला, "आत्या, मनात करतो की प्रार्थना. कनीस भाजताना डोळं मिटलेलंच असत्यात, धुरानं." मंग त्याची बायको रूपा सरबताला लागली. तिच्या मागनं बाकीची. ऱ्हायला अमृत ब्रदर, आमाला वचन सांगनारा. त्यो ऱ्हातो आंबीला, लोनावळ्याच्या गर्दीत अडकायचा, आन आमी कपबश्या विसळत असताना पोचायचा. शेवटी मोबाईलवर प्रवचन धाडाया लागला. आमच्याकडं रेंज न्हाई. रविवारचं प्रवचन मंगळवारी वर चढायचं. एकदा विषय व्हता 'थकू नका'. गाडीत बसूनच बोललेला, मागं हॉर्न वाजत्यात, आन मधीच म्हनतो, "आता मी हितनंच मागं फिरतो."

सावित्राबाईचा नवरा सावळा गेल्या साली गेला. आमी समद्यांनी उपास धरून त्याच्यासाठी मागितलं व्हतं. तरी गेला. गावानं काय बोलायचं ते बोलून घेतलं. बाई कुनाला उलटून बोलली न्हाई, पन एका रविवारी गानं अर्ध्यात सोडून मला म्हनली, "भाऊ, आपुन दोघंच की. भिताडाला किती दिस गानं ऐकवायचं? बंद करू आता."

मी गनेशला सांगितलं. त्याला लाज वाटली असंल म्हनून मी खुश झालो, तर त्यानं तोडगा काढला.

"मंगळवारी बसू. गिऱ्हाईक नसतंय. प्रवचन बी मंगळवारीच पोचतंय. देवाला काय साप्ताहिक सुट्टी हाय का?"

आमच्यात एवढी एकी कवाच झाली न्हवती. मंगळवारी समदी अंघुळी करून, धुतलेली कापडं घालून हजर. पडवीत बसाया जागा न्हाई. सावित्राबाईनं पातेलंभर च्या टाकला, गायली बी मोकळी.

मंगळवार देवीचा वार. आमची हयात त्यो वार पाळन्यात गेली, पन रविवार मोकळा करायच्या नादात एकाच्या बी ध्यानात आलं न्हाई. गावाच्या मात्र आलं. च्या संपतोय तवर शेजारची रतनबाई दारात हजर, हातात नारळ आन फुलं. सावळा गेल्यापासनं ती ह्या पडवीला चढली न्हवती.

"आलीस ना गं बये परत देवीकडं," म्हनली, आन नारळ-फुलं सावित्राबाईच्या म्होरं ठिवून डोळं पुसाया लागली. खोटं न्हवतं तिचं. "आमचं ह्ये म्हनत्यात, यंदा जत्रंच्या पंगतीत तुमची पानं आपल्यासंगं."

रूपानं पदर सारखा केला. गनेश आत्याच्या कानाशी लागला, "आपुन खोटं कुटं बोललो? आपुन कायबी बोललोच न्हाई."

सावित्राबाई नारळाकडं बघत बसली. वरीसभर बाई एकटी जेवत व्हती. तिनं मान डोलावली असती तर मी तरी कोन्त्या तोंडानं नावं ठिवली असती?

"रतन, बस अशी," ती म्हनली. "मी परत न्हाई आलेली. मी येशूचीच हाय. त्यानं सावळ्याला का ठिवलं न्हाई, ते मला अजून कळत न्हाई. रोज इचारते. पन मी त्याला सोडलेलं न्हाई."

"मंग मंगळवारी कशाला जमलात?"

"रविवारी गिऱ्हाईक असतंय म्हनून."

रतनबाई आमच्याकडं बघत ऱ्हायली. एकेकाकडं. "म्हंजी तुमचा देव गिऱ्हाईक नसल तवा," म्हनली. नारळ उचलला, फुलं तितंच ऱ्हाऊ दिली, आन गेली.

"गेली पंगत," गनेश म्हनला.

"मंगळवार बंद," सावित्राबाई म्हनली. "रविवारी, धा वाजता."

"कोन येनार हाय, आत्या?"

"ते त्यानं बघावं. मी पडवी सारवून ठिवीन."

रविवारी मी गेलो. ती आन मी. गनेशची कनसं जोरात, वाटंवर गाड्यांचा कल्ला. प्रार्थना चालू असताना एक शहरातली पोरगी पडवीत डोकावली.

"मावशी, मॅगी मिळेल?"

सावित्राबाईनं डोळं उघडलं न्हाईत. "प्रार्थना चाललीय. बसा."

पोरगी चपला काढून बसली. तिच्यामागं तिचं सोबती बी येऊन टेकलं. बाईनं त्या दिवशी लांबवली बघा. आजाऱ्यांसाठी मागितलं, रतनबाईच्या गुडघ्यासाठी मागितलं, गनेशच्या धंद्यासाठी बी मागितलं. एक पोरगा भिताडाला टेकून घोराया लागला.

आमेन झालं तशी पोरगी हळूच म्हनली, "संपलं?"

"आजच्यापुरतं," सावित्राबाई म्हनली, आन चूल पेटवाया उठली. मॅगी न्हवती. च्या दिला.