उसातून कोण आलं

शीलाच्या रानात गवत कांद्याच्या वर गेलं होतं आणि बायका वाफ्यात उतरायला तयार नव्हत्या.

पिंपरी पेंढारला तिच्या वस्तीवर खुरपणी सावडीनं चालते. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. शीला सगळ्यांकडं खुरपून आली होती. तिची पाळी आली आणि नेमका तिच्याच बांधावर भोंगा बसला. खांबावर रडार, शेजारी अंगाची ऊब टिपणारा कॅमेरा. बिबट्या उसातून निघाला की भोंगा वाजणार, असं भाषणात सांगितलं. माणसं मेली तेव्हा जे फिरकले नाहीत, ते सगळे त्या दिवशी फीत कापायला आले होते.

भोंगा वाजला, बायका पळाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रान मोकळं असलं की तो गप्प, बायका खुरपायला बसल्या की लागला बोंबलायला.

"शीले, बिबट्याचा जीव जडलाय तुझ्या कांद्यावर," शेजारची सोनीबाई म्हणाली. "आता तू आन् तो मिळून घ्या खुरपून. आमी काय यायच्या न्हाई."

शीलानं फोन करकरून यंत्रवाल्यांना हैराण केलं, तेव्हा ऋषी आला. मूळचा जवळच्याच आळे गावचा, पुण्यात इंजिनिअर. बांधावर लॅपटॉप उघडून म्हणाला, "मावशी, जरा बसून दाखवा सगळ्याजणी."

बायका कुरकुरत बसल्या. बिबट्या वाकलेल्या माणसाची मान धरतो, म्हणून प्रत्येकीच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता, टोकं बाहेर. भोंगा लगेच बोंबलला. ऋषीनं तो बंद केला आणि स्क्रीनकडं बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

"काय दिसतंय?" शीलानं विचारलं.

"रडार लाटा फेकतं. त्या आपटून परत येतात. जोरात आल्या की ते म्हणतं, काहीतरी आहे. पण आपण एकट्या रडारचं ऐकत नाय. कॅमेऱ्यालाही तिथंच ऊबदार अंग दिसलं पायजे. दोघांची साक्ष जुळली तरच भोंगा."

"मग जुळती कशी? हितं तर आमीच हाय."

"तेच ना. बुटकं, आडवं, हळूहळू सरकणारं अंग, आन् मानेला लोखंड. लोखंडावरनं लाट दणकून परत येते."

सोनीबाई स्क्रीनवर वाकली. "ह्यो जाडा बिबट्या कोन हाय?"

"तुमी, मावशी."

"आमच्या मालकांना सांगू नगा. पिंजरा लावतील."

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. शीला हसली नाही. तिचं गवत वाढत होतं.

"मी रडारला जरा बधिर करतो," ऋषी म्हणाला. "लोखंडाची लाट आली की ते गप्पच बसेल."

"म्हंजे आमी वाकल्यावर त्यो बधिर. मग बिबट्या पाठीमागं आला तर? भोंगा काय उसाची राखण करायला लावलाय?"

ऋषीनं लॅपटॉप मिटला. शीलानं त्याच्या हातावर भाकरी आणि ठेचा ठेवला. खाता खाता तो थांबला.

"कोण कसं दिसतं ते सोडून देऊ. कोण कुठून आलं ते धरू. दोन्ही यंत्रं मिळून प्रत्येकाची वाट ध्यानात ठेवतील. बांधावरनं आलं ते माणूस, उसातून आलं तो बिबट्या."

हे शीलाला पटलं. त्यानं तसं करून दिलं. बायका बसल्या, भोंगा गप्प राहिला, एक अख्खा वाफा निघाला. मग भोंगा वाजला. सगळ्या रस्त्याकडं धावल्या. मागं वळून बघतात तर उसातून सोनीबाई लुगडं सावरत बाहेर येतेय.

"लाज न्हाई व्हय रं तुझ्या मशीनला?" ती ऋषीवर खेकसली. "बाईनं लघवीला बी जायचं न्हाई?"

ऋषीनं कुत्रं, कोल्हा, रानडुक्कर, सगळ्यांचा विचार केला होता. हा केला नव्हता. बाईला आडोसा लागतो हे कुठल्याच आराखड्यात नसतं. ज्या उसात बिबट्या लपतो त्याच उसात बाईनं जीव मुठीत धरून बसायचं, आणि शिकल्यासवरल्यांनी खांब रोवून टाळ्या घ्यायच्या.

"मशीनचं बरोबर हाय," शीला म्हणाली. "आमालाच दुसरी जागा न्हाई."

तिनं गोठ्याच्या मागचे पत्रे काढले आणि रस्त्याच्या बाजूला, उसापासून लांब, चार मेढी रोवायला घेतल्या.

"मावशी, हे माझ्या कामात येत नाय."

"येत नसलं तर शिक. पत्रा धर."

"फीत कापायला कोनाला बोलवायचं?" सोनीबाईनं विचारलं.

"तुलाच. पयली जानार बी तूच."

दुसऱ्या दिवशी बायका आल्या. दुपार कलली आणि भोंगा वाजला. शीलानं मान वर केली. सोनीबाई तिच्या शेजारीच होती. बाकीच्या आपापल्या वाफ्यात. पत्र्याच्या आडोशाला कोणी नव्हतं.

या वेळी कोणी पळालं नाही. खुरपी घट्ट धरून सगळ्या ताठ उभ्या राहिल्या, तोंडं उसाकडं. वाकलेलं माणूस बिबट्याला भक्ष्य वाटतं, उभ्या माणसाला तो बिचकतो. उसाच्या कडेला पिवळं काहीतरी क्षणभर थबकलं आणि मागं फिरलं. पाचट वाजलं. उसाचे शेंडे हलत हलत ओढ्याकडं गेले. भोंगा थांबला.

"गेला," त्यांच्यातली थोरली कोंडाबाई म्हणाली. "बसा गं. एवढं उरकू."

सगळ्यात आधी शीला बसली, उसाकडं पाठ करून.