रक्तगट जळवा

मी एक जुने बटण आहे. लगेच शर्टाकडे बघू नका, मित्रांनो! मी पडद्यावरचे बटण, बोटाने दाबले की कामाला लागणारे. आणि आज मला इतका आनंद झाला आहे की कुणी दाबायच्या आधीच मी बोलायला लागलो!

माझा जन्म तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत झाला. तिथे चार टेबले, एक पांढरा फळा आणि एक कायम कुरकुरणारी खुर्ची. त्या खुर्चीवर बसणाऱ्या ताईंनी मला घडवले. सगळे त्यांना 'मिलिमीटर' म्हणत, कारण रेघ केसभर सरकली तरी त्यांना चैन पडत नसे. माझा कोड त्यांनी सगळ्यांच्या सामाईक भांडारात ठेवला. कुणाला बटण लागले तर नवे बनवायचे नाही, मलाच घेऊन जायचे. आणि मला एका जागी बदलले की मी जिथे जिथे असेन तिथे बदलणार!

माझ्यासाठी त्यांनी एक नमुनापान केले. काय थाट होता माझा! एकाच पानावर मी साधा, मी दाबलेला, मी रुसून करडा पडलेला, मी गोल गोल फिरत 'जरा थांबा' म्हणणारा. प्रत्येक रूपाखाली मला कधी वापरावे आणि कधी नाही, तेही लिहिलेले. शेवटच्या नमुन्यावर ताईंनी 'जुळवून पुन्हा पुढे' असे काहीतरी विचित्र लिहिले होते आणि खाली सूचना दिली होती, 'उकारांना पाय ठेवायला जागा द्या.'

मग काय, वाचनालयात पुस्तक राखून ठेवायला मी, तलावावर पोहायची वेळ घ्यायला मी, दातांच्या दवाखान्यात नंबर लावायलाही मीच! "बटण असावं तर असं," असे कुणी म्हटले की मी फुलून जायचो. पण कामे वाढली आणि माझे पान उघडायला कुणाला फुरसत होईना.

आज सकाळी गटाचे प्रमुख, ज्यांना सगळे मागून 'मुकादम' म्हणतात, ताईंना म्हणाले, "ते पान बघतं कोण? सांभाळण्यात मात्र वेळ जातो. रक्तपेढीचं काम आज पास झालं की बंद करून टाकू. आणि बटणं फार जाडी दिसतायत हो, जरा बारीक करा."

पान गेले तर मला नीट बघायची जागाच जाणार! रागारागाने ताईंनी माझी उंची कमी केली आणि पान न उघडताच मला भांडारात टाकून दिले.

थोड्याच वेळात रक्तपेढीच्या डॉक्टरबाई आल्या. मुकादमांनी ऐटीत पडदा सुरू केला. बाईंनी चष्मा सावरला, मला वाचले आणि त्या खो खो हसत सुटल्या.

"अहो, 'रक्तगट जळवा'? आम्हाला रुग्णाला रक्त द्यायचंय. तुम्ही तर रक्त पिणाऱ्या जळवा लावायला निघालात!"

मुकादमांचा चेहरा खर्रकन उतरला. ताईंनी कोड उघडला. तिथे तर ठसठशीत 'जुळवा' लिहिलेले! त्यांनी पुन्हा टाइप केले, पडद्यावर पुन्हा जळवा. "शब्द बरोबर आहे, मग उकार गेला कुठे?" ताई रडकुंडीला आल्या.

बाईंचे हसू थांबले. "हे बघा, आमच्याकडे माणसं घाबरलेली येतात. बटणावर भरवसा नसेल तर मला हे नको."

पान उघडा, अहो, माझे पान उघडा! मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. पण बटणाचे ऐकणार कोण?

आणि उघडले कुणी सांगू? मुकादमांनी! वेळ मारून न्यायला ते म्हणाले, "तसं नाही मॅडम, आमच्याकडे प्रत्येक बटणाचा नमुना असतो. दाखवतो ना!" ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

पान उघडले. माझी सगळी रूपे ओळीने उभी, आणि शेवटच्या नमुन्यावर 'जळवन पन्हा पढे'! बाईंनी खालची सूचना मोठ्याने वाचली, "उकारांना पाय ठेवायला जागा द्या."

"अगं बाई! उंची कमी करताना त्यांचे पाय मीच कापले की!" ताई ओरडल्या. खुर्ची कुरकुरली, बोटे धावली आणि माझी उंची परत आली. सगळीकडे एकदम! तेवढ्या वेळात वाचनालयात 'पस्तके' झाली होती, तीही सावरली.

डॉक्टरबाईंनी मला दाबले. चाचणीसाठी भरलेला रक्तगट जुळला. "आता घेते," त्या म्हणाल्या. "पण यापुढे काही बदललं की आधी मला ते पान दाखवायचं."

त्या गेल्यावर ताईंनी हळूच विचारले, "मग, पान कधी बंद करायचं?"

"बंद? कोण म्हणालं बंद?" मुकादम इकडेतिकडे बघत म्हणाले, आणि त्यांनी स्वतः उठून फळ्यावर लिहिले, 'आधी पान बघा, मग भांडारात टाका.'

मित्रांनो, मला खुशाल बदला. रंग द्या, गोल करा, बारीकसुद्धा करा. पण सगळ्यांच्या वापरातल्या वस्तूला हात लावाल तेव्हा तिच्याकडे एकदा डोळे भरून बघा, एवढेच मागणे. बाकी आज मी खूप खूश आहे. नीट वाचा हं, दोन्ही ऊकार जागेवर आहेत!