आजोबांचा श्वास

पोरीला घरात सगळे खटपटी म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हे. सिनेमा शिकायला लागली आणि घराचा पार उकिरडा करून ठेवला. जेवायच्या टेबलावर कॅमेरा, दिवे, तारा, चिकटपट्ट्या, आणि मधोमध वीतभर उंचीचे मातीचे आजोबा, घड्याळ दुरुस्त करत बसलेले.

आईला ते बघवत नव्हतं. आजोबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. "माझ्या बाबांचं खेळणं करू नकोस," ती म्हणाली होती. शेवटी खटपटीने हातापाया पडून तिला राजी केलं आणि शब्द दिला: आई एकदा बघेल, आणि तिला नाही पटलं तर आजोबा मोडून टाकायचे. बोलून तर बसली होती, आता माघार कसली घेते!

काम म्हणजे नुसता जीव काढणारं. बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा. परत हलवायचा, परत फोटो. ते सगळे भराभर दाखवले की बाहुला जिवंत होतो. आजोबांनी हात उचलला, स्क्रू फिरवला, अगदी हुबेहूब. पण त्यांची खरी लकब पुढेच होती. काम झालं की ते घड्याळ कानाशी धरून ऐकत बसायचे. तिथे पोरीने शहाणपणा केला. ऐकत बसलेल्या माणसाला हलवायचं कशाला? तिने एकच फोटो पडद्यावर बराच वेळ तसाच ठेवला. चालवून बघते तर काय, हात थांबला आणि आजोबा गेले! समोर नुसती माती. हे आईने बघितलं असतं तर?

मग तिचं लक्ष स्वतःकडे गेलं. तीही मघापासून गप्पच बसली होती, पण छाती आपली वरखाली होत होती. झालं, कंबर कसली. अंगठ्याने आजोबांची छाती हलकेच दाबायची, फोटो. किंचित फुगवायची, फोटो. वाकून वाकून तिची पाठ पार मोडून आली.

मग चालवून बघितलं. आजोबांनी श्वास घेतला.

"अगं बाई!" ती ओरडलीच. तिनेच पाणी लावून मळलेली माती तिच्यासमोर श्वास घेत होती. देवाशप्पथ, तिला भीती वाटली, आणि हात जोडावेसेही वाटले.

"आता काय सांडलंस?" म्हणत आई आली. खटपटी बाजूला सरकली. आई तोंड घट्ट मिटून लॅपटॉपसमोर बसली. आजोबांनी घड्याळ कानाशी नेलं आणि ते ऐकत राहिले. छाती वर आली, खाली गेली. परत वर आली. आई पुढे वाकली, आणखी पुढे वाकली. तेवढ्यात पडदा काळा झाला.

"थांबले का गं?" आईने विचारलं.

"नाही गं आई. तेवढंच काढलंय अजून."

आईने मनगटाने डोळे पुसले. "मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? पुढचा श्वास दे त्यांना."