चुंबकत्व उतरल्यावर

धनश्रीने हीटरचा आकडा वाढवायला हात पुढे केला आणि कुंदनने तिचं मनगट धरलं.

"थांब. हा पापुद्रा खराब झाला तर पुन्हा असा जमणार नाही."

"खराब नाही होणार. नुसतं चुंबकत्व जाईल."

गोठवलेल्या भांड्यात, काही अणूंइतक्याच जाडीच्या चुंबकीय पापुद्र्यावर त्या दोघांनी बनवलेला ट्रान्झिस्टर होता. बाहेरच्या चुंबकाची दिशा उलटली की त्यातला प्रवाह एकदम उडी मारायचा. इलेक्ट्रॉनच्या स्पिनवर, त्याच्या अंगच्या चिमुकल्या चुंबकत्वावर, चालणारा ट्रान्झिस्टर! त्यांच्या मार्गदर्शक जयश्री मॅडम सकाळच्याच विमानाने सुरतहून बंगळूरला गेल्या होत्या. थोड्याच वेळात परिषदेत त्या हे जाहीर करणार होत्या. शोधनिबंधावर पहिलं नाव धनश्रीचं होतं. सुरतच्याच गोडादऱ्यात लूम चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी, निंबाभाऊंनी, कालच गल्लीभर घारीची मिठाई वाटली होती.

एक चाचणी मात्र राहिली होती. पापुद्रा तापला की त्याचं चुंबकत्व उतरतं. मग उडीही थांबायला हवी. नाही थांबली, तर ती स्पिनची नव्हेच. जोडणीतलीच काहीतरी खोट.

कुंदनने हात सोडला.

आकडा चढत गेला. चुंबकत्व टिकण्याची मर्यादा ओलांडली. कुंदनने चुंबकाची दिशा उलटली.

पडद्यावरची रेघ टणकन वर गेली.

"परत कर."

रेघ परत तितकीच उडाली.

"काय व्हयनं हे?" तो घरच्या अहिराणीत पुटपुटला. मग घाईघाईने म्हणाला, "संध्याकाळी सांगू. भाषण होऊन जाऊ दे. माझीही पीएचडी यातच अडकलीय, धना."

तिने फोन लावला. पलीकडे सभागृहाचा गलबला होता.

"मॅडम, ती उडी स्पिनची नाहीये. आज जाहीर करू नका."

गलबला हळूहळू मागे पडला. मॅडम कुठेतरी बाजूला गेल्या असाव्यात. मग त्यांचा दबका आवाज आला.

"तापवून बघायला कुणी सांगितलं होतं तुला?"

तापवल्याचं धनश्री अजून बोललीच नव्हती.

"काय म्हणाल्या?" कुंदनने विचारलं.

तिने फोन कानावरून काढला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर दोघांच्या मधोमध ठेवला.

"परत म्हणा, मॅडम," ती म्हणाली. "कुंदनलाही ऐकू दे."